रेशनचा गहू, खाचरातला भात आणि सेलेनियम

भोरहून वरंध घाटाचा रस्ता धरला, की तो निरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वर चढतो, घाटमाथा ओलांडतो आणि वळणे घेत घेत महाडला उतरतो. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की हा रस्ता बंद होतो आणि मग भोरच्या लोकांना जवळचे महाडही दूरचे होते. या महाड गावी डॉ. हिंमतराव बावस्कर राहतात. कोकणात विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे दगावत. त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ च्या सुरुवातीला हेच डॉक्टर विंचू सोडून एका निराळ्याच वस्तूच्या मागे लागले होते. ती वस्तू म्हणजे रेशनच्या दुकानातला गहू.

त्याचे असे झाले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांतून लोकांचे केस गळू लागले. आधी डोके खाजायचे. कुणाला ताप यायचा, कुणाचे डोके दुखायचे, कुणाला उलट्या-जुलाब व्हायचे. मग केसांतून हात फिरवला की मूठभर केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. जानेवारीत अशा रोग्यांची संख्या १८ गावांत मिळून २७९ पर्यंत गेली. त्यांत तरुण मुले-मुली बऱ्याच होत्या. मुलांनी शरमेने डोकी तासून घेतली, मुली कॉलेजात जाईनाशा झाल्या, ठरत आलेली लग्ने अडली.

अशा वेळी गावात पहिला संशय कशावर येतो? पाण्यावर. शेगावचा हा भाग खारपाण पट्ट्यात मोडतो, म्हणजे विहिरींचे पाणी मूळचेच मचूळ. तपासणीत त्या पाण्यात नायट्रेटही जास्त सापडले. कुणी बुरशीचे नाव घेतले, कुणी शाम्पूचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकेही गावात येऊन नमुने घेऊन गेली. पण जरा विचार करा. विहिरीचे पाणी तर वर्षानुवर्षे तेच होते आणि शाम्पू ज्यांनी जन्मात वापरला नाही त्यांचेही केस गेले होते. मग डिसेंबरमध्ये नवे असे काय घरात आले? डॉ. बावस्करांनी लोकांच्या जेवणाची चौकशी केली आणि घराघरांतला रेशनचा गहू तपासायला पाठवला.

त्यांनी जाहीर केलेले आकडे असे. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. गहू धुऊन पाहिला तर १३.६१ मिलिग्रॅम. गव्हात हे प्रमाण ०.१ ते १.९ मिलिग्रॅम असले तर ते नेहमीचे समजतात. रोग्यांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तर १५० पट आढळले. जस्त मात्र त्यांच्या अंगात कमी भरले. पोत्यांवरून हा गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि शेगावकडच्याच शेतात पिकलेल्या गव्हापेक्षा त्यात सेलेनियम ६०० पट असल्याचेही सांगितले.

किलोला १४.५२ मिलिग्रॅम म्हणजे किती, ते आधी डोळ्यांसमोर आणू. गव्हाच्या एका दाण्याचे वजन साधारण ४० मिलिग्रॅम भरते. म्हणजे किलोभर गव्हात सुमारे २५,००० दाणे. त्या पंचवीस हजार दाण्यांतले सगळे सेलेनियम गोळा केले, तर त्याचे वजन एका दाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त होईल. एवढ्याशा वस्तूने माणसाचे डोके भुंडे व्हावे, यावर चटकन विश्वास बसत नाही. तो बसावा म्हणून या मूलद्रव्याची थोडी ओळख करून घेऊ.

सेलेनियमचा शोध १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने लावला. गंधकाम्ल बनवणाऱ्या एका कारखान्यात तळाशी तांबूस गाळ साचत असे. तो जाळला की मुळ्यासारखा उग्र वास येई. आधी त्यांना वाटले, हे टेल्युरियम असावे. पुढे कळले की हे नवेच मूलद्रव्य आहे. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडलेले, म्हणून त्याच्या या भावंडाला ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे, सेलेनीचे नाव मिळाले.

आम्ही भौतिकीची मंडळी सेलेनियमला ओळखतो ते मात्र वेगळ्या कारणाने. १८७३ साली विलोबी स्मिथ हे विद्युत अभियंते समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलची तपासणी करत होते. त्यासाठी मोठा विद्युतरोध हवा, म्हणून त्यांनी सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण त्यांचा रोध काही केल्या स्थिर राहीना. शेवटी लक्षात आले, की कांडीवर उजेड पडला की रोध उतरतो आणि पेटीचे झाकण लावले की पुन्हा चढतो! प्रकाशाने वीज वाहण्यास मदत होते, हे माणसाला असे चुकून समजले. पुढे १८८३ साली चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन सूर्यप्रकाशावर चालणारा विद्युतघट बनवला. जुन्या छायाचित्रकारांकडचे प्रकाशमापक सेलेनियमवर चालत आणि झेरॉक्स यंत्रातल्या पिंपावर पूर्वी सेलेनियमचाच लेप असे. असो. हा माझा आवडता विषय असल्यामुळे थोडे लांबले. आपल्याला पोटात जाणाऱ्या सेलेनियमकडे वळायचे आहे.

आवर्त सारणी उघडून पाहा. सेलेनियमचा अणुक्रमांक ३४. त्याच्या बरोबर डोक्यावर १६ क्रमांकाचे गंधक बसले आहे. दोघांच्या बाहेरच्या कक्षेत सहा-सहा इलेक्ट्रॉन आहेत आणि सेलेनियमचा अणू गंधकाहून थोडासाच मोठा आहे. पुढची सारी हकीकत या शेजारातून निघते. वनस्पतीच्या मुळांना गंधक लागते. ते सल्फेटच्या रूपात आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींत खास दारे असतात. मातीतल्या पाण्यात सेलेनेट असेल, तर ते याच दारातून आत शिरते. दारावरच्या रखवालदाराला दोघांतला फरक कळत नाही. आत गेल्यावर वनस्पती गंधकापासून मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल बनवते. ते बनवताना गंधकाच्या जागी सेलेनियम बसते आणि सेलेनोमेथिओनिन तयार होते. दाण्यातली प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. तेव्हा सेलेनियम दाण्याच्या अंगातच मुरते.

आता धुतलेल्या गव्हाचा आकडा पुन्हा पाहा. १४.५२ चे १३.६१ झाले, म्हणजे धुण्याने जेमतेम सोळावा भाग गेला. हे सेलेनियम वरून पडलेल्या धुळीतले किंवा फवाऱ्यातले असते, तर पाण्याबरोबर बरेचसे वाहून जायला हवे होते. ते गेले नाही, यावरून ते मुळांवाटे, म्हणजे जमिनीतून आले असले पाहिजे. दोन साध्या आकड्यांच्या वजाबाकीतून केवढी मोठी गोष्ट कळते पाहा!

केसांवरच संकट का आले, तेही यातच आहे. केस जळला की जो घाण वास येतो तो गंधकाचा. केस, नखे आणि जनावरांचे खूर केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात आणि केराटिनचे धागे एकमेकांना गंधकाच्या जोड्यांनी टाचलेले असतात. या टाचणीत सेलेनियमची घुसखोरी झाली की वीण कच्ची पडते. शेगावकडच्या काही रोग्यांची नखेही एप्रिल २०२५ मध्ये सैल होऊन निघू लागल्याच्या बातम्या आल्या, त्या या माहितीशी जुळतात. (बऱ्याच जणांचे केस तोवर पुन्हा उगवू लागले होते, हे सांगितले पाहिजे.) अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटा भागात गुरे-घोड्यांचे केस झडत आणि खूर गळत. लोक त्याला क्षाररोग म्हणत. १९३० नंतरच्या दशकात शोध घेतल्यावर दोष चाऱ्यातल्या सेलेनियमचा निघाला.

इतके ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, हे तर विषच झाले. मग अन्नात ते मुळीच नसले तर बरे! १९५७ पर्यंत शास्त्रज्ञांचीही तशीच समजूत होती. त्या वर्षी क्लाउस श्वार्ट्झ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की अन्नात सेलेनियम अजिबात नसले तर उंदरांचे यकृत कुजते आणि अगदी लेशमात्र दिले तर वाचते. १९७३ साली त्याचे कारण कळले. आपल्या रक्तपेशींत एक विकर असते. पेशीत तयार होणारी पेरॉक्साइडे नष्ट करून ते पेशीला गंजण्यापासून वाचवते. या विकराच्या मर्मस्थानी सेलेनियमचा अणू असतो. कंठग्रंथीचे कामही सेलेनियमवाचून अडते.

चीनमध्ये या दोन्ही टोकांचे धडे एकाच देशात मिळाले. ईशान्येकडच्या केशान परगण्यात १९३५ साली हृदयाचा एक विचित्र रोग दिसून आला. मुले आणि तरुण बाया त्यात दगावत. त्या पट्ट्यातल्या मातीत आणि धान्यात सेलेनियम फारच कमी होते. १९७० नंतरच्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देऊन पाहिल्यावर रोग झपाट्याने हटला. उलट हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस आणि नखे गळाली. तिथे डोंगरातल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर होते. पावसाने ते शेतात उतरले आणि शेतकरी जमिनीत चुना घालत, त्यामुळे ते पिकाला आणखी सहज मिळू लागले. चुन्याचे हे लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

या चिनी गावांत माणसाच्या पोटात रोज किती सेलेनियम जात होते, तेही मोजले गेले. केशान रोगाच्या भागात रोज सरासरी ११ मायक्रोग्रॅम, आणि एन्शीतल्या केस गळणाऱ्या गावांत सरासरी ४,९९० मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम, हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रौढ माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरते आणि ४०० च्या वर जाऊ नये असे सांगतात. नखांवर लक्षणे दिसू लागतात ती साधारण ९०० पासून पुढे.

आता शेगावचे गणित तुम्हीच करा. बोंडगावचा एखादा माणूस रोज ३०० ग्रॅम असा गहू खात असेल, तर त्याच्या पोटात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. हा आकडा एन्शीच्या आकड्याच्या अगदी जवळ येतो. पण रेशनचे धान्य माणशी महिन्याला पाच किलो मिळते आणि त्यात तांदूळही असतो. तेव्हा रेशनचा गहू रोज १०० ग्रॅम धरणे जास्त बरोबर. तरीही १,४५० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पटींहून अधिक. डॉ. बावस्करांच्या निष्कर्षाला या हिशेबाचा आधार मिळतो असे मला वाटते. मात्र तीन-चार दिवसांत केस जाणे हे जरा फारच झटपट झाले, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

हा गहू मुळात इतका सेलेनियमयुक्त कसा झाला असेल? पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी काही गावे आहेत. टेकड्यांतून पावसाळी ओढे येतात, त्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात. या ओढ्यांनी टेकड्यांतला सेलेनियमयुक्त गाळ सखल शेतांत आणून पसरला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील ढिल्लों दांपत्याने या जमिनींचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिथेही गुरांचे केस झडत आणि खूर गळत. जमीन अल्कधर्मी, चुनखडीची. अशा जमिनीत सेलेनियम सेलेनेटच्या रूपात राहते, पाण्यात विरघळते आणि मुळांना आयते मिळते. त्यांनी सुचवलेला उपाय मोठा मजेचा आहे. शेतात जिप्सम टाका! जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मुळांच्या दारात सल्फेटची एवढी गर्दी करायची, की सेलेनेटला आत शिरायला वावच मिळू नये.

आणि आता आपले भोर आणि वेल्हे. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. पण जुनी माणसे अजून वेल्हेच म्हणतात, आणि मीही.) समजा, राजगडाच्या पायथ्याच्या एखाद्या खाचरातली मूठभर माती आपण हातात घेतली. तिच्यात सेलेनियम जास्त असेल की कमी, याचा अंदाज प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी बांधता येईल का? येईल, पण पायरीपायरीने.

पहिली पायरी खडकाची. राजगड, तोरणा, रोहिडा हे सारे किल्ले ज्या काळ्या कातळावर उभे आहेत तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. सेलेनियम बाष्परूपाने सहज उडून जाणारे मूलद्रव्य आहे. तप्त रस थंड होऊन बनलेल्या खडकात ते फारसे उरत नाही. बेसाल्टमध्ये ते किलोला ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी असते, तर जगातल्या मातीची सरासरी ०.४ मिलिग्रॅम धरतात. सेलेनियम साठते ते समुद्रतळाच्या गाळापासून बनलेल्या शेल खडकात आणि कोळशात. तसे खडक आपल्याकडे वर आलेले नाहीत. तेव्हा मूळ भांडवलच कमी.

दुसरी पायरी पावसाची. वेल्ह्यातल्या केळदपासून मढे घाटाच्या तोंडाशी गेलात, तर आषाढात समोरचा माणूस दिसत नाही असा पाऊस लागतो. तिथून पूर्वेला नसरापूर-शिरवळच्या बाजूला येईपर्यंत तो निम्म्याहून खाली उतरतो. एवढ्या पावसाने मातीतले विद्राव्य क्षार धुऊन जातात. कॅल्शियम, मॅग्नेशियम निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. म्हणून घाटमाथ्याकडची माती तांबूस आणि किंचित आम्लधर्मी असते, तर खाली निरेच्या काठी काळी. आम्लधर्मी मातीत सेलेनियम सेलेनाइटच्या रूपात राहते आणि लोहाच्या ऑक्साइडांच्या कणांना घट्ट चिकटून बसते. म्हणजे जे थोडे आहे, त्यातलेही मुळांच्या हाती फारसे लागत नाही. एन्शीच्या शेतकऱ्यांनी चुना घालून आम्लता मारली आणि हे चिकटलेले सेलेनियम मोकळे झाले. आपल्या वरकस जमिनीत, जिथे नाचणी आणि वरी होते, तिथे परिस्थिती नेमकी उलट आहे.

तिसरी पायरी खाचराची. आधी राब भाजून जूनमध्ये त्यात भाताचे रोप टाकतात, मग चिखलणी करून आवणी लावतात. इंद्रायणी असो की आंबेमोहोर, भात पुढचे दोन-अडीच महिने पाण्यात उभा असतो. साचलेल्या पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही. तिथले जीवाणू ऑक्सिजनच्या शोधात नायट्रेटचा, लोहाच्या ऑक्साइडांचा आणि सेलेनेटचाही ऑक्सिजन काढून घेतात. याला क्षपण म्हणतात. क्षपण झालेले सेलेनियम मूलद्रव्याच्या रूपात किंवा सेलेनाइडच्या रूपात जाते, आणि ही दोन्ही रूपे पाण्यात विरघळत नाहीत. चिखलात पाय घातल्यावर वर येते ती काळी-निळी माती आणि कुजका वास, ही या क्षपणाची तुम्हाला सहज मिळणारी खूण. ज्या रासायनिक कारणाने वास येतो, त्याच कारणाने भाताला सेलेनियम कमी मिळते. राब भाजतानाही पालापाचोळ्यातल्या सेलेनियमचा काही भाग धुराबरोबर निघून जातो. सुपर फॉस्फेट खत दिले, तर त्यात जिप्सम असतेच. मुळांच्या दारातली ती गर्दी इथेही होते.

या तीनही पायऱ्या एकाच दिशेला नेतात, पण एक चौथी गोष्ट त्यांच्या विरुद्ध जाते. नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी जंगलांतली माती तपासली, तेव्हा समुद्रकिनाऱ्याजवळ सेलेनियम जास्त आणि आत जाल तसे कमी आढळले. समुद्रातले सूक्ष्मजीव सेलेनियमची बाष्पशील संयुगे हवेत सोडतात आणि पावसाबरोबर ती जमिनीवर उतरतात. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अरबी समुद्राचाच. तेव्हा जो पाऊस धुऊन नेतो, तोच थोडे आणूनही टाकतो. म्हणून खडकाच्या नकाशावरून धान्यातला आकडा सांगू नये. धान्य मोजूनच पाहावे लागते.

मोजतात कसे, त्यात भौतिकीतला एक मासलेवाईक पेच आहे. धान्याची पूड नायट्रिक आम्लात विरघळवून तिचा फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. त्याचे तापमान सहा हजार अंशांच्या वर असते. तिथे सारे रेणू फुटतात आणि अणूंचे आयन होतात. हे आयन त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजले, की कोणते मूलद्रव्य किती आहे ते कळते. सेलेनियमचे अणू कित्येक वस्तुमानांचे असतात. त्यांतले जवळजवळ निम्मे ८० वस्तुमानांकाचे. मग ८० च मोजावे, हे उघड झाले. पण प्लाझ्मा आर्गॉनचा आहे आणि आर्गॉनचा वस्तुमानांक ४०. आर्गॉनचे दोन अणू एकमेकांना चिकटले की ४० आणि ४० मिळून ८०! यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात, आणि आर्गॉन तर यंत्रात ओतप्रोत भरलेला. म्हणून ७७, ७८ किंवा ८२ वस्तुमानांकाचे विरळ सेलेनियम मोजतात, नाहीतर वाटेत दुसरा वायू ठेवून आर्गॉनच्या जोड्या फोडतात. वर्तमानपत्रात आलेल्या १४.५२ या आकड्यामागे ही एवढी खटपट असते. केस तर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. लांब केसाचे मुळापासून टोकापर्यंत तुकडे करून मोजले, तर महिन्यामहिन्याची नोंदवही वाचल्यासारखे होते.

बेसाल्टच्या मातीत पिकलेले धान्य कितपत गरीब असू शकते, त्याचा एक ढोबळ पडताळा शेगावच्याच आकड्यांत दडला आहे. तिथली काळी जमीनही बेसाल्टचीच. १४.५२ ला ६०० ने भागा. सुमारे ०.०२४ येतात. असा गहू ३०० ग्रॅम खाल्ला तर पोटात जातात सात मायक्रोग्रॅम. गरज ४० ची! म्हणजे एकाच गावात दोन पोत्यांपैकी एकातला गहू जास्तीने मारणारा आणि दुसऱ्यातला कमतरतेकडे झुकणारा. सुदैवाने माणूस नुसते धान्य खात नाही. मासे, अंडी, मटण, दूध, डाळी यांतूनही सेलेनियम मिळते. सुकट-बोंबील घाटावर चढून भोरच्या बाजारात येतात, त्यांचाही यात वाटा आहे. पण ज्या घरी सकाळ-संध्याकाळ घरचाच भात आणि नाचणीची भाकरी, वर पातळ आमटी, तिथे मला खरी काळजी वाटते, आणि तपासणी व्हायची तर आधी अशा घरांतल्या धान्याची व्हावी. म्हणून कुणी दुकानातून सेलेनियमच्या गोळ्या आणून मुलांना चारू नयेत. हवे तितके आणि घातक यांत दहा पटींचेच अंतर आहे. मिठाच्या किंवा साखरेच्या चुकीला जेवढी माफी असते तेवढी इथे नाही. फिनलंडने मार्ग निराळा काढला. तिथली मातीही सेलेनियमला पारखी होती. १९८५ पासून तिथे रासायनिक खतातच मोजून सोडियम सेलेनेट मिसळू लागले. धान्यात, गवतात, दुधात ते आपोआप वाढले आणि आकडे जास्त चढताच १९९१ साली मात्रा कमीही केली. पण त्यासाठी वर्षानुवर्षे माती, धान्य आणि रक्त मोजत राहावे लागते, आणि ते त्यांनी केले.

आता शेवटचे गणित. पंजाबातल्या त्या सेलेनियमग्रस्त जमिनी सुमारे एक हजार हेक्टर. हेक्टरी साडेचार टन गहू धरला, तर साडेचार हजार टन. पंजाबचा एकूण गहू दरवर्षी सुमारे एक कोटी सत्तर लाख टन. हा सगळा गहू एका ढिगात कालवला, तर सेलेनियमग्रस्त गहू जवळपास चार हजारांत एक भाग होईल आणि कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. मग शेगावपर्यंत किलोला १४ मिलिग्रॅमचा गहू पोचला, तो तिकडचा असेल, तर कसा? गहू कालवला जात नाही म्हणून. मंडीत एका शेतकऱ्याची रास ५० किलोच्या पोत्यांत भरून शिवली जाते आणि तेच पोते आगगाडीने, मालमोटारीने दुसऱ्या राज्यातल्या दुकानात येऊन उघडते. साडेचार हजार टनांची नव्वद हजार पोती होतात. त्यांतली काही एकाच मालमोटारीत चढली, की एका तालुक्यात उतरली.

भोर-वेल्ह्यातही रेशनचा गहू येतो. पुढच्या खेपेस दुकानात गेलात, तर रिकाम्या पोत्यावरचा छाप वाचून वहीत टिपून ठेवा. त्यावर राज्य, खरेदी करणारी संस्था आणि हंगामाचे वर्ष असते. घरी आल्यावर खाचरातली चिमूटभर माती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, निवळलेल्या पाण्यात आम्लता दाखवणारी कागदाची पट्टी बुडवा. एक नमुना घाटाकडच्या गावातला घ्या, एक निरेच्या काठचा. वर्गातल्या मुला-मुलींनी आपापल्या गावची माती आणली, तर फळ्यावर दोन्ही तालुक्यांचा नकाशा काढून त्यावर हे आकडे मांडता येतील. ज्या गावांत पट्टी सर्वांत जास्त आम्लता दाखवील, तिथला तांदूळ आणि नाचणी आधी प्रयोगशाळेत पाठवायला हवी.